काहूनबाईची गोळी

काहूनबाईला सुई टोचायची म्हणजे आमच्या गावच्या दवाखान्यात अर्ध्या दिवसाचं काम होतं. सिस्टर जवळ आली की ती बाही खाली ओढून घ्यायची आणि विचारायची, "कायची हाय? काहून देऊन राह्यली? नाही घेतली तं काय होते?" दर गोष्टीला काहून, म्हणजे का, असं विचारायची म्हणून तिचं खरं नाव फक्त केसपेपरवर उरलं होतं. सिस्टरनं एकदा उत्तरं आधीच पाठ करून आणली. "ताकदीची हाय मावशी. तुमाले थकवा हाय म्हणून. नाही घेतली तरी चालते."

"चालते? मंग राहू दे," म्हणून काहूनबाई पिशवी उचलून चालती झाली.

ती माझी शेजारीण. आसेगावच्या रस्त्याला तिची भाजीची वाडी होती. डॉक्टरला एवढं विचारू नये, असं कोणी म्हटलं की तिचं ठरलेलं उत्तर होतं. "लोक माही भेंडी शेंडा मोडून पाह्यल्याबिगर घेत नाही. हे तं माह्या आंगात जाते."

मी चौथी शिकलेली, म्हणून चिठ्ठी वाचायला ती मला सोबत न्यायची. ते अक्षर मला कधीच लागलं नाही. "तुले येत नाही तं जिनं लेहलं तिलेच वाचाले लाव," असं म्हणून ती डॉक्टरीणबाईकडून ओळ न् ओळ वाचून घ्यायची. मागं रांग चरफडत असायची.

तिला बीपी निघालं आणि रोजची एक गोळी सुरू झाली. डोकं माझंही गरगरायचं. पण माझा केसपेपर निघाला असता तर पोरानं मला वावरात पाऊल ठेवू दिलं नसतं. मी काहूनबाईला सांगितलं. ती म्हणाली, "एक दिस तू खा, एक दिस मी खातो." तीन महिने आम्ही दोघी तशाच खात होतो.

तीन महिन्यांत तिचं बीपी तसूभर उतरलं नाही. डॉक्टरीणबाईनं विचारलं, "गोळी रोज घेता?"

"घेतो."

"मग आता दुप्पट ताकदीची देते."

काहूनबाईनं काहून म्हणून विचारलं नाही. मी कोपरानं ढोसलं, तर ती भिंतीवरच्या बाळाच्या चित्राकडं पाहत राहिली. तेव्हा मला भीती वाटली. मी म्हणाली, "बाई, तिच्या अर्ध्या गोळ्या मी खातो."

रांग खदखदून हसली. डॉक्टरीणबाई हसली नाही. तिनं माझ्या दंडाला पट्टा बांधला, तर माझं बीपी काहूनबाईपेक्षा जास्त. मग ती तिच्याकडं वळली. "मावशी, तुम्ही शंभर प्रश्न विचारता, मी खरं सांगते. मी एक विचारला तर खोटं? ही दुप्पट गोळी खरंच रोज घेतली असती, तर तुम्ही चक्कर येऊन विहिरीत पडला असता."

"मंग पुना विचारा ना. आता खरं सांगतो."

वाटेत ती माझ्यावर उखडली. "तुह्यासाठी खोटं बोललो, अन् तूच मले पाडलं."

"मरू देऊ का तुले?"

"सांगाचं होतं तं सांगाचं. पण साऱ्या रांगीत?"

पुढच्या महिन्यात ती तपासणीच्या खोलीत गेली आणि स्टुलावर बसेचना. "बाई, तुमाले खरं पाह्यजे असन तं दार लावत जा." तेव्हापासून ते दार लागतं, आणि आत एका वेळी एकच बाई जाते. माझा वेगळा केसपेपरही तेव्हाच निघाला. पोरानं दोन दिवस आरडाओरड केली, मग मीच वावरात निघून गेली.

काहूनबाई मागल्या हिवाळ्यात वांग्याच्या वाफ्यात बसल्या जागी गेली. तेराव्यानंतर तिची सून गोळ्यांची पट्टी घेऊन माझ्याकडं आली. "आत्याच्या उरल्या हायत. तुमाले चालतात म्हणे." पट्टीवर वार लिहिलेले होते. ती गेली त्या दिवसापर्यंतची एकही गोळी राहिलेली नव्हती.

माझ्या गोळ्या आदल्या दिवशीच संपल्या होत्या. गोळीही तीच, ताकदही तीच. तरी मी ती पट्टी दवाखान्यात नेऊन परत केली आणि माझ्या गोळ्यांसाठी रांगेत उभी राहिली. तासभर लागला. बोलायला कोणी नव्हतं.