पंच म्हणून माझी सही

"आडनाव?"

फौजदाराने पहिलं तेच विचारलं. मी सांगितलं. तो जमादाराकडे पाहून म्हणाला, "मंग बरोबर हाय." ज्या पत्रकासाठी मला ठाण्यात बोलावलं होतं, त्याबद्दल अजून एक शब्दही निघाला नव्हता.

मी खुर्ची ओढली. जमादार म्हणाला, "खाली बस." याच जमादाराने मला कितीदा "या भाऊ, बसा" म्हणत चहा पाजला होता. मी ग्रामपंचायतीचा कारकून. गावातली प्रत्येक यादी माझ्या अक्षरात.

फरशीवर बसलो. फौजदार माझा फोन चाळत होता. कापसावर फवारणी करताना माणसं विष लागून पडत होती, तो हंगाम. कोण पडलं, औषध कोणतं, कुठल्या दवाखान्यात नेलं, सगळं मी फोनमध्ये लिहून ठेवलं होतं. चौतीस नावं. त्यांच्या घरच्यांचा एक ग्रुपही केला होता. त्यावर कोणीतरी जंगलातल्या बंदूकवाल्यांचं पत्रक टाकलं. फोनने ते आपोआप उतरवून घेतलं. मी उघडलंही नव्हतं.

"हे काय होय बे?"

"ग्रुपवर आलं अशीन साहेब. मले नाई मालूम."

"अन् हे चौतीस? तुही पलटन?"

"फवारणीवाले होत साहेब. पाच जणायले आता दिसत नाई."

"तुले काहून एवढी कळकळ?"

मग त्याने माझ्या बायकोचे फोटो काढले. एकेक सरकवत जमादाराला दाखवले. "बाई तं चांगली हाय याची." दोघे हसले. मी फरशीकडे पाहत राहिलो. गप्प राहिलो, हेही लिहून ठेवतो.

पंचनामा तयारच होता. माझ्या घरातून, गादीखालून, दोन पंचांसमक्ष फोन जप्त. फोन तर त्यांनी बोलावल्यावर सकाळी मीच ठाण्यात आणून दिला होता. पंच म्हणून समोरचा चहावाला आणि शेजारचा सलूनवाला आले. चहावाल्याने हातातली किटली खाली न ठेवताच सही केली.

मीही असाच उभा राहायचो. अक्षर चांगलं, बोलावलं की येतो, म्हणून पोलीस मलाच पंच करायचे. मी वाचायचो नाही. सही, चहा, घर.

एकदा पोडावरचा, म्हणजे आदिवासी वस्तीवरचा, एक कोलाम होता. त्याच्या झोपडीतून चोरीची मोटर निघाली, असं कागदावर होतं. मी पोडावर गेलोच नव्हतो. तोही याच फरशीवर बसला होता. माझी सही होताना म्हणाला, "भाऊ, तुमी तं आमच्या इकडं आले नव्हते."

मी म्हणालो, "साहेबानं पाह्यलं ना." पेनाला टोपण लावलं आणि निघालो.

ते वाक्य मी विसरून गेलो होतो. त्या दिवशी फरशीवर ते पुन्हा ऐकू आलं. माझ्याच घशातून येत असल्यासारखं.

जमादाराने कागद पुढे केला. "कर सही. सुटशीन."

"फोन मी आणून देल्ला. गादीखालून नाई निंगाला. मी सही करत नाई."

कानाखाली बसली. "लय शाना झाला का?" दुसरी बसली. सही केली नाही.

संध्याकाळी सोडलं. दर सोमवारी हजेरी. फवारणीवाले एकेक करून ग्रुपमधून बाहेर पडले. मी दिसलो की लोक फोन खिशात घालतात. आणि पेन हातात घेतलं की कोलामाचं तोंड समोर येतं. भर दुपारी, ऑफिसात, दाखला लिहिताना.

यादी केली. पंच म्हणून सह्या अकरा. त्यातलं डोळ्यांनी पाहिलेलं एकच, विहिरीतून काढलेलं एक प्रेत. उरले दहा आरोपी. चौघांची नावं आठवतात. बाकीच्या सहा जणांचे चेहरेही आठवत नाहीत.

कोलामाची केस अजून उभी आहे. पुढच्या तारखेला सरकारी पंच म्हणून माझी साक्ष आहे. माझे वकील म्हणाले, "फिरलात तर तुमच्यावरच गुन्हा लागेल. आधीच फोनचं प्रकरण आहे."

लागू दे. पिंजऱ्यात उभा राहून सांगणार आहे. सही माझी आहे. मी तिथे गेलो नव्हतो. मी काहीही पाहिलेलं नाही.

त्यानंतर बाकीचे नऊ.