थांबा, लाइन देते

या, इकडे जवळ बसा. आणि तो मोबाइल आधी पालथा घाला बघू. उंबरा ओलांडला नाही तोच "काकू, वायफायचा पासवर्ड काय?" ही काय पद्धत झाली? काकू कशी आहे, गुडघा काय म्हणतो, काही नाही. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या ताई असत्या ना, तर तुमची चांगली हजेरी घेतली असती. तुमचा मोबाइल काढून पदराखाली ठेवला असता आणि म्हणाल्या असत्या, "आधी बस. पाणी पी. मग लाइन देते."

वायफाय हा शब्द त्यांच्या तोंडात कधी बसलाच नाही. त्यांच्या दृष्टीने ती लाइन. सगळी नोकरी अंबरनाथला एका कंपनीत टेलिफोन ऑपरेटर म्हणून झालेली. कानाला ते यंत्र लावायचं, समोर भोकांचा बोर्ड, इकडची वायर तिकडे खुपसायची आणि म्हणायचं, "थांबा, लाइन देते." साहेबाला लाइन, गेटला लाइन, कुणाच्या घरी माणूस आजारी असेल तर कामगाराला खात्यात लाइन. "वहिनी," मला सांगायच्या, "साहेब लोक कागदावर सही करायचे. पण कोण कुणाशी बोलणार, ते माझ्या हातात."

नाव सांगत नाही त्यांचं. असं चारचौघांत नाव घेतलेलं त्यांना खपलं नसतं. मिस्टर लवकर गेले, मुलगा शिकून परदेशी गेला, तिकडेच संसार झाला. आईने नदीकाठच्या मांजर्लीतली ही तिसऱ्या मजल्यावरची खोली सोडली नाही. नदीचं पाणी खालच्या घरांत शिरतं, वरपर्यंत येत नाही, म्हणून मुलगाही निर्धास्त होता.

आमच्या इमारतीत मोबाइलला रेंज नाही. गच्चीवर जाऊन हात वर केला की कुठे "हॅलो" ऐकू येतं. म्हणून मुलाने आईचं तोंड दिसावं यासाठी घरात वायफायचा तो डबा बसवून दिला. भिंतीवर, टीव्हीच्या वर, दोन शिंगांचा. मुलाने विचारलं, या वायफायचं नाव काय ठेवू? त्या म्हणाल्या, "ऑपरेटर."

मग ते टाळेबंदीचे दिवस आले आणि शाळा मोबाइलमध्ये शिरली. माझ्या शेजारच्या घरातली मुलगी दहावीला होती. एकदा ताईंनी कचरा ठेवायला दार उघडलं, तर ही पोर बाहेर पायरीवर, मोबाइल दाराच्या फटीला लावून बसलेली. मागे कधीतरी ताईंचा मोबाइल दुरुस्त करून देताना तिने पासवर्ड पाहून ठेवला होता. पोरीच्या तोंडचं पाणी पळालं.

"पायरीवर का बसलीस? माझ्या घरात काय वाघ बांधलाय?" ताई म्हणाल्या. "आत ये. पंख्याखाली बस."

ती आत आली. मग तिच्या मागून बाकीची पोरं आली. पोरं आली म्हणून आया आल्या, नाकाला रुमाल बांधून. अशी ती सुरुवात.

शाळा पुन्हा भरल्या तरी ती रीत काही मोडली नाही. नियम मात्र कडक. पासवर्ड कुणाला सांगायचा नाही. तुम्ही वर जायचं, बसायचं, दोन गोष्टी बोलायच्या, पुढ्यात येईल ते खायचं. मग त्या चष्मा लावायच्या, भिंतीकडे तोंड करायच्या आणि तुमच्या मोबाइलवर एका बोटाने टकटक करत पासवर्ड घालायच्या. मागून कुणी डोकावलं की, "ए, लाइन कापीन हं!" आणि दर शुक्रवारी पासवर्ड बदलायच्या. त्यांच्या कंपनीची सुट्टी शुक्रवारी असायची, तेव्हापासून घरची झाडझूड शुक्रवारची. जळमटं काढायची, पाण्याची भांडी घासायची आणि पासवर्ड बदलायचा. संध्याकाळी अख्खी इमारत एकेक करून वर.

दुसऱ्या मजल्यावर नवी सूनबाई आली, उल्हासनगरची, फार हुशार. तिने शोधून काढलं की एका मोबाइलवर चौकटीचं चित्र काढलं आणि दुसऱ्याने त्याचा फोटो घेतला की काम झालं, वर जायलाच नको. पंधरा मिनिटांत सगळा मजला जोडला. ताईंच्या मोबाइलमध्ये दिसायचं किती जण लाइनवर आहेत. त्यांनी तिथल्या तिथे पासवर्ड बदलला आणि जिन्यात उभ्या राहून हाक मारली, "सूनबाई! जरा वर या. रानातल्या शेवळाची भाजी केलीय. आणि तुमचं ते चित्रकलेचं पण बघू."

सूनबाई लाजत गेली. तासाभराने डबा घेऊन खाली आली. पुढे तीच त्यांच्या डोक्याला तेल लावून द्यायची.

मलाही आधी वाटायचं, हा म्हातारपणाचा हट्ट. पण एकदा तो डबा बिघडला म्हणून आम्ही दोघी उल्हासनगरला एका सिंधी दुकानदाराकडे गेलो. त्याने डबा उघडला, फुंकर मारली, दोन बटणं दाबली आणि हसायला लागला. "अम्मा, ये हर हफ्ते पासवर्ड कौन बदलता है? या तो सबको दे दो, या सबका बंद कर दो. आपको भी शांती."

ताई त्यांच्या हिंदीत म्हणाल्या, "भाऊ, सबको दिया तो फिर ऊपर कौन आएगा?"

त्याने हातातला डबा खाली ठेवला. चहा मागवला. त्याची आई पण एकटीच असते म्हणाला, कॅम्पातल्या जुन्या घरात. आम्ही निघालो तेव्हा ताई त्याला म्हणाल्या, "तू पण जा मग ऊपर."

मग ताईंना धाप लागायला लागली. हृदयाचं दुखणं निघालं. डॉक्टर म्हणाले, दगदग नको, माणसांची वर्दळ नको. इमारतीतल्या सगळ्यांना अगदी मनापासून वाईट वाटलं हो. आपण ऊठसूट वर जातो, त्या चहा करतात, दाराशी उठून येतात. सोसायटीची मीटिंग झाली. ठरलं की सगळ्यांसाठी जिन्यात एक वेगळं वायफाय घ्यायचं, म्हणजे ताईंना त्रास नको. मी म्हटलं, "अहो, त्यांना विचारा तरी." त्या तिथेच खुर्चीवर बसल्या होत्या. सेक्रेटरींनी विचारलं, "ताई, तुमची काही हरकत?"

त्यांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं. माणसं किती प्रेमाने बोलत होती! हरकत घ्यायची तरी कशी? "छे छे," त्या म्हणाल्या, "बरं झालं. माझी कटकट गेली." आणि हसल्या. पदराचं टोक मात्र बोटाला गुंडाळत राहिल्या, सोडलं नाही.

जिन्यात नवा डबा लागला. पासवर्ड नोटिशीच्या फळ्यावरच लिहिला, कुणालाही दिसेल असा. वर जाणं बंद झालं. कुणी वाईट नव्हतं. भेटले की "ताई, बऱ्या आहात ना?" विचारायचे, डबाही पाठवायचे. पण डबा दाराशी देऊन माणूस परत फिरतो. बसायला काही कारण लागतं.

शुक्रवारी त्या पासवर्ड बदलतच होत्या. कुणासाठी? तर माझ्यासाठी. मी सोसायटीचं वायफाय घेतलंच नाही. शुक्रवारी गुडघ्याला हात लावत वर जायचे आणि सांगायचे, "ताई, माझ्या मोबाइलला ते नवीन लागतच नाही."

"अगंबाई, लागत नाही?" ताई माझ्याकडे चष्म्यावरून बघायच्या. आयुष्यभर लोकांचे आवाज ऐकलेली बाई ती, खोटं कळणार नाही होय? "तुमचा मोबाइलच तसला, वहिनी. बसा. थांबा, लाइन देते."

भिंतीकडे तोंड करायच्या. पुढे पुढे बोट चुकायचं, पुन्हा पहिल्यापासून. मी घाई करत नसे.

अशाच एका शुक्रवारी त्यांनी लाइन दिली, शेंगदाण्याचा लाडू दिला, आणि पुढचा शुक्रवार काही उजाडला नाही. सकाळी दूध बाहेरच राहिलं होतं, एवढंच सांगते.

मुलगा आला. मोठा माणूस झालेला, केस पांढरे, पण डोळे आईचे. पुण्यानुमोदनाचा, म्हणजे गेलेल्या माणसासाठी बुद्धवंदना करायचा दिवस ठरला. त्याची बायको आणि मुलगी येऊ शकल्या नव्हत्या, त्यांना तिकडून मोबाइलवरच वंदनेला बसायचं होतं. नात सारखी म्हणत होती, मला आजीचं घर बघायचंय. आणि त्याच दिवशी सकाळी खाली गटाराचं खोदकाम करताना सोसायटीची वायर तुटली. उरला तो ताईंचा डबा, भिंतीवर, दिवे लुकलुकत.

मुलगा जिन्यात आला. "काकू, आईचा पासवर्ड काय आहे?"

मी सूनबाईकडे पाहिलं, सूनबाईने सेक्रेटरींकडे. इतकी वर्षं सगळ्यांनी ती लाइन वापरली, पण कुणालाच माहीत नव्हता. त्यालाही नव्हता, आणि ताईंच्या मोबाइलचं कुलूप कुणाला उघडता येत नव्हतं. डबा त्यानेच घेऊन दिलेला, पण तो आठवड्यातून एकदा फोनवर यायचा, पासवर्ड लागायचा तो इथे येऊन बसणाऱ्याला.

"मी रीसेट करतो," तो म्हणाला आणि टाचणी शोधायला लागला. सूनबाई म्हणाली, रीसेट केला तर कंपनीचा माणूस येईपर्यंत लाइन बंद. मग मला म्हणाली, "काकू, तुमचा मोबाइल जोडलेला असेल ना अजून? त्यावरून चित्र काढता येईल."

जोडलेला होता. शुक्रवारचा.

मी मोबाइल पदराखाली धरला. मला काय झालं कोण जाणे, मी त्या पोराला म्हटलं, "आधी बस."

"काकू, भंतेजी येतील आता."

"येऊ देत. तू आल्यापासून नुसता उभा आहेस. चल आत, बस. पाणी पी."

तो आईच्या खुर्चीवर बसला. सूनबाईने पाणी आणलं. मागून एकेक जण वर आला, ती दहावीची मुलगीही, आता नोकरीला लागलेली. खोली भरली. कुणीतरी चहा टाकला. सूनबाईने चित्रकलेचा किस्सा सांगितला आणि तो हसला, आणि हसता हसता त्याने तोंड ओंजळीत घेतलं. "मला वाटायचं, आई एकटी असते," तो म्हणाला. वर जाणं बंद झालं ते मधले दिवस सगळ्यांनाच आठवत होते.

मग मी उठले, भिंतीकडे तोंड केलं. सूनबाईने माझ्या हातातल्या मोबाइलवर ते चौकटीचं चित्र काढून दिलं. चित्राच्या खाली पासवर्ड अक्षरांत लिहून येतो, ते मला तेव्हा कळलं. मी वाचला नाही. त्यावर अंगठा ठेवला, गच्च. आणि वळून त्याच्यापुढे मोबाइल धरला.

"थांब," मी म्हटलं, "लाइन देते."

नात दिसली. आजीची खोली माणसांनी भरलेली तिने पाहिली.

आता ती खोली बंद आहे. डबा मुलगा घेऊन गेला. माझ्या मोबाइलच्या यादीत "ऑपरेटर" अजून आहे, खाली लिहून येतं, रेंजमध्ये नाही. सूनबाई म्हणते, पुसून टाकू का? मी म्हणते, राहू दे.

माझ्याकडे आता माझं स्वतःचं वायफाय आहे. फळ्यावर लिहिलेलं नाही. हवं असेल तर पहिल्या मजल्यावर यायचं, बसायचं, मी भिंतीकडे तोंड करीन. तुम्ही आज आलात ते आलात, पण महिना महिना लावू नका हो. या शुक्रवारी मी पासवर्ड बदलणार आहे. तेव्हा लवकर या.