तिसरं गाणं

कान तपासणाऱ्याने संगीतात पडू नये असं काही नाही. पण आपल्याच साथीदाराचे कान तपासायला त्याने बसू नये, एवढं खरं. या गृहस्थाने ते केलं आणि वर थाप मारली.

दिवसा तो दवाखान्यात काचेपलीकडे बसून लोकांच्या कानांत बारीक-जाड आवाज सोडायचा. ऐकू आलं की समोरच्याने बोट वर करायचं. संध्याकाळी तो आणि त्याचा मेहुणा, म्हणजे बायकोचा थोरला भाऊ, हॉटेलांत दोन कीबोर्ड मांडून वाजवायचे. बायको भावाला दादा म्हणे, म्हणून तोही दादाच म्हणे. एकाला शिंक आली की दुसरा रुमाल काढतो, असं ती दोघांना चिडवायची.

मग दादाचा कीबोर्ड कर्कश होऊ लागला. ट्रेबलचं, म्हणजे बारीक सूर चढवायचं बटण तो रोज थोडं पुढे सरकवायचा आणि जेवणाऱ्यांच्या कपाळावर आठ्या पडायच्या. एक दिवस दादा स्वतःच दवाखान्यात येऊन बसला.

"खरं काय ते सांग हं. कानात काही बिघाड असेल, तर इलाज करू. नाहीतर मी वाजवणं सोडतो."

बारीक आवाज गेलेच होते. त्यातल्या एकालाही दादाचं बोट हललं नाही. पण पुढचे कार्यक्रम ठरलेले, एकट्याने उभं राहायची छाती नव्हती, आणि कटू बोलणं तर याच्या अगदी जिवावर यायचं.

"ठणठणीत आहेत," तो म्हणाला.

दादा खूश होऊन गेला आणि बटण आणखी पुढे सरकलं. शेवटी या पठ्ठ्याने पाठदुखीचं निमित्त काढून कार्यक्रमच थांबवले. मग तीच दुखरी पाठ घेऊन तो मागच्या खोलीत तासन् तास बसला आणि कॉम्प्युटरवर एकट्याचा अल्बम केला. संथ, काळवंडलेल्या आवाजांचा. ऐकणारे म्हणाले, काय उदास आहे! उदास असणारच. त्याला त्याचं मन खात होतं. त्यात तिसरं गाणं निव्वळ बारीक सुरांचं. दादासोबत ते सूर तो टाळायचा; एकटा बसल्यावर हात आपसूक तिकडेच गेले. गाणं पुरं झाल्यावर त्याला ते कळलं आणि लाज वाटली. तरी त्याने ते काढलं नाही, कारण ते फार चांगलं झालं होतं.

रविवारी दादा अल्बम ऐकायला आला.

"पाठ बरी दिसतेय, जावईबापू," असं म्हणून हसला आणि स्पीकरसमोर बसला. दोन गाणी त्याने डोळे मिटून, मान डोलावत ऐकली.

"आता ते तिसरं लाव. तुझी बायको म्हणत होती, तेच सगळ्यात छान आहे."

तिसरं केव्हाच सुरू झालं होतं.

याला 'लावतो' म्हणून सरळ चौथं लावता आलं असतं. दादाला पत्ताही लागला नसता. हात माउसपर्यंत गेलासुद्धा.

"दादा," तो म्हणाला, "ते चालू आहे."

दादाने स्पीकरकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"तेव्हा तपासतानाही मध्येच सगळं गप्प झालं होतं," तो सावकाश म्हणाला. "मला शंका आली होती. पण तू ठणठणीत म्हणालास. म्हटलं, याला काय माझ्याहून कमी कळतं?"

"मी खोटं बोललो."

दादा चिडला असता तर बरं झालं असतं. पण त्याने खुर्ची याच्यासमोर ओढली.

"हेच पहिल्यापासून लाव. आणि प्रत्येक सुराला बोट वर कर. कुठे कुठे काय आहे, ते मला कळू दे."

त्याने गाणं पुन्हा लावलं. दादा त्याच्या हाताकडे टक लावून बसला. पहिला सूर आला आणि त्याने बोट वर केलं.