सावलीत ठेवलेला फ्लीर

माधुरी गेल्याचं मला इनेकेने सांगितलं. इनेके म्हणजे माधुरीच्या कुंपणापलीकडची डच शेजारीण. सकाळीच ती सायकल घेऊन दारात उभी, डोळे सुजलेले. मी कसंबसं विचारलं, अशी अचानक कशी गेली? ती गोंधळली. "अचानक? तुला माहीत नव्हतं?" नेदरलँड्समधल्या या झूटरमेर गावातली माझी सगळ्यांत जवळची मैत्रीण कित्येक महिने कॅन्सरने आजारी होती. ते शेजारणीला ठाऊक होतं आणि मला नाही.

आम्ही दोघी नवऱ्यांच्या नोकऱ्यांमागे इथे आलो आणि एकमेकींच्या आधाराने रुळलो. माझ्या अंगणात फरशी, तिच्या वीतभर बागेत मात्र फ्लीर नावाचं इथलं झुडूप. रस्त्याकडेला वाढणारा फ्लीर घराच्या छपराला टेकतो. तिचा हा बुटका, जेमतेम कमरेएवढा, आणि उन्हात पानं हळदीसारखी पिवळी. फेब्रुवारी आला की ती तो पार बुंध्यापर्यंत छाटायची. नव्या फुटीची पानं जास्त पिवळी येतात, म्हणायची. मी दरवर्षी हळहळायचे, मग आत जाऊन दोघी गरम थालीपीठ खायचो.

यंदा तिने कात्री माझ्या हातात दिली. "तू छाट. माझा खांदा धरलाय." स्वतः कोट घालून खुर्चीत बसून राहिली. मी छाटता छाटता म्हटलं, "काय मस्त बारीक झालीयेस गं! डाएट तरी सांग."

"आधी झाड नीट काप," ती हसून म्हणाली. मग छाटलेल्यातल्या चार काड्या तिने एका कुंडीत खोचल्या आणि कुंडी मला दिली. "उन्हात ठेव हं. सावलीत हा नुसता हिरवा होतो, चारचौघांसारखा."

ती आमची शेवटची निवांत भेट. तिला ते माहीत होतं आणि मी डाएट विचारत होते. आठवलं की अजून अंगाचा तिळपापड होतो.

सगळं आटोपल्यावर मी तिच्या नवऱ्याला, श्रीकांतला, सरळच विचारलं. तो चहाचा कप खाली ठेवून म्हणाला, "तुमच्या दोघींच्या आया कोथरूडला एकाच सोसायटीत. तू रोज आईशी व्हिडिओ कॉलवर बोलतेस. तिच्या आईला एवढ्यात कळू द्यायचं नव्हतं... आणि तुझ्याशी तिला पूर्वीसारखंच हसायचं होतं गं."

"म्हणजे हसायला मी आणि रडायला इनेके?"

माझ्या पोटात काही राहत नाही, हे माधुरीने परस्पर ठरवून टाकलं होतं. एकदा विचारून तरी बघायचं.

त्याच संध्याकाळी मी ती कुंडी सायकलींच्या शेडमागे, सावलीत सरकवून दिली. काड्या तरीही जगल्या. पानं आली, साधी हिरवी. गेल्या आठवड्यात इनेके सहज डोकावली, तिला कुंडी दिसली. "याला ऊन लागतं," ती हळूच म्हणाली.

"माहीत आहे मला," मी तोडून टाकलं. एवढं तरी माधुरीने मला सांगितलं होतं.

इनेके घरी गेल्यावर मी कुंडी ओढत उन्हात आणली. माझा राग गेलेला नाही, जाईलसं वाटतही नाही. पण वरच्या कोवळ्या पानांवर आता पिवळी झाक येऊ लागली आहे. फेब्रुवारीत छाटीन, आत येऊन थालीपीठ लावीन. इनेकेला बोलावणार नाही.