आक्कासाठी एक बटण

आक्काच्या हातातून कात्री पहिल्यांदा निसटली तेव्हा ती हसली होती. कळंबला आमच्या घरातच ती ब्लाउज शिवायची. लग्नसराईत तिला जेवायला फुरसत नसे. वर्षभरात तिचं शिलाई मशीन बंद पडलं. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, स्नायू झिजत जाण्याचा आजार आहे, औषध नाही.

मी तिचा धाकटा भाऊ. पुण्यात एका छोट्या कंपनीत ब्राउझरमध्ये चालणारे खेळ बनवायचो. लोक कामातून पाच मिनिटं काढून खेळतात तसले. दर रविवारी एसटीने घरी यायचो. जुना कॉम्प्युटर घरी आणून ठेवला होता. एकदा आक्काने विचारलं, "तू करतोस त्यातलं मला काय खेळता येईल का रे?"

लहानपणी ती बाजरीच्या रानात माळ्यावर उभी राहून गोफणीने पाखरं हाकायची. मी तोच खेळ केला. बाणांच्या बटणांनी गोफणवाली पुढेमागे सरकायची, स्पेसबार दाबला की दगड सुटायचा. दोन डाव झाले आणि आक्काने हात मांडीवर घेतले.

"ह्याला एका येळी दोन हात लागत्यात. माझा डावा आता नुसता म्हनायला हाये."

पुढच्या खेपेला सगळं माउसवर आणलं. नेम धरायचा आणि क्लिक करायचं. चार-पाच महिने ते जमलं. मग माउस सरकवणंच जड झालं. ती नेम धरेपर्यंत पाखरू कणीस खाऊन गेलेलं असायचं. मी म्हणालो, "जवळजवळची चार बटणं देतो."

"एकच दे. बोट ठेवलंय तिथनं उचलायला नको."

मग गोफण आपोआप डावीकडून उजवीकडे फिरत राहील असं केलं. आक्काने फक्त वेळ साधून स्पेसबार दाबायचा. तो लांबलचक, बोट कुठेही टेकलं तरी चालतं. त्या दिवशी तिने बारा पाखरं उडवली आणि आईला चुलीपासून उठवून दाखवली.

पावसाळा संपता संपता तेही बोट मंदावलं. मी तिला न सांगता गोफणीचा वेग कमी केला. दगड नुसता जवळून गेला तरी पाखरू उडेल असं करून ठेवलं. आक्का जिंकत गेली. तिसऱ्या डावात ती मधेच थांबली.

"तू मला जिंकवतोयस व्हय?"

मी उगाच कीबोर्ड पुसायला लागलो.

"बटण सोपं कर म्हनले व्हते मी. खेळ सोपा कर न्हाई म्हनले."

पुढचे तीन रविवार तिने कॉम्प्युटर लावू दिला नाही. माझ्याशी इकडचं तिकडचं बोलायची, पण माझ्याकडे बघायची नाही. चौथ्या रविवारी मी तिच्यासमोर बसून वेग पूर्वीइतका केला, जवळून गेलेल्या दगडाची सवलतही काढली. ती खेळली. एकही पाखरू उडालं नाही. "आता बरंय," म्हणाली.

शेवटी बोटही हलेना. मग ती पडद्याकडे बघत "आता" म्हणायची आणि मी बटण दाबायचो. मला दर वेळी उशीर व्हायचा. तिचा शब्द कानावर पडून माझं बोट खाली जाईपर्यंत गोफण पुढे गेलेली असायची. ती रागावली नाही. एकदाच म्हणाली, "तुझ्या हातात न्हाई ते."

त्या हिवाळ्यात आक्का गेली.

दोनेक महिन्यांनी मी तो खेळ कंपनीत दाखवला. साहेब चांगले होते. त्यांना चित्रं आवडली, पण एका बटणाचा खेळ लोकांना कंटाळवाणा होईल म्हणाले. "बाणांची बटणं घाला, माणूस हलू दे." ज्यांना दुसरं बटण दाबता येत नाही त्यांच्याबद्दल मला बोलता आलं असतं. मी बोललो नाही. आठवडाभरात बटणं घालून दिली.

खेळ वेबसाइटवर आला. आई पुण्याला आली तेव्हा तिला ऑफिसात नेऊन दाखवला. शेजारच्या टेबलावरची मुलगी दोन्ही हातांनी भराभर पाखरं उडवत होती. आई बराच वेळ बघत उभी राहिली.

"आपली आक्का खेळायची त्योच ना ह्यो?"

मी हो म्हणालो.