कोऱ्या कापडाखालचं शेवाळ

भिवंडीत भरदुपारी वीज गेली की कापड विणणारे लूम थांबायचे आणि गल्लीतल्या माणसांचे आवाज एकदम ऐकू यायला लागायचे. संघरत्नाला त्या शांततेची चीड यायची. २००६ चा उन्हाळा, भारनियमन रोजचं, आणि तिचं पीएच.डी.चं सगळं काम ट्यूबलाइटच्या उजेडावर.

खारबावच्या खाडीत दगडांवर हिरवं, रिबिनीसारखं शेवाळ वाढतं, तो तिचा विषय. दिसायला सगळं एकच. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र ते दोन तऱ्हांचं निघालं. एक तऱ्हा पाण्यात नर-मादी पेशी सोडायची आणि त्यांची जोडी जमली की नवं शेवाळ धरायचं. दुसरीला जोडीची गरजच नव्हती, तिच्या पेशी एकेकट्या रुजायच्या. भरतीचं खारं पाणी पोचतं तिथं दोन्ही नांदायच्या. वर, नदीचं गोडं, गढूळ पाणी उतरतं तिथं फक्त जोडीविना वाढणारी. हे मीठ कमी म्हणून, की उजेड कमी म्हणून? ते शोधायचं तर बरण्यांना मोजका उजेड हवा, आणि वीज तर बेभरवशाची. कॉलेजच्या प्रयोगशाळेतला पहिला सगळा प्रयोग असाच वाया गेला.

मुंबईचे तिचे मार्गदर्शक सर म्हणाले, विषय बदल, जातींची यादी कर, लवकर सुटशील. तिनं मान हलवली ती नकारार्थी.

धाकटा भाऊ मिलिंद लूमवर कामाला होता. त्यानं आणलेलं कोरं कापड, लूमवरून उतरलेलं, न धुतलेलं, आईनं उन्हाची तिरीप अडवायला खिडकीला बांधलं होतं. संघरत्ना बराच वेळ त्याकडे बघत बसली. मग उठून तिनं त्याची घडी दुहेरी केली, मग चौपदरी. दर घडीला खोलीतला उजेड उतरत गेला. सूर्य काही भारनियमन करत नव्हता.

तिनं घरावरच्या स्लॅबच्या गच्चीत बरण्या मांडल्या. समुद्राचं पाणी विहिरीच्या पाण्यात कमी-जास्त मिसळलं आणि कुठं एक पदर, कुठं चार पदर असं कापड ताणलं. चार दिवसांत सगळं शेवाळ उकडून पांढरं पडलं. शेजारच्या आक्कांनी वासाची तक्रार केली, वर आईला ऐकवलं, की शेवाळाला जोडीदार लागतो का ते बघते, स्वतःचं वय बघत नाही.

आई, बकुळाबाई, त्या रात्री जेवणं झाल्यावर म्हणाल्या, "ती काय खोटं बोलली न्हाय. पण तिला बोलायचा हक बी न्हाय. तुला काय पायजे ते सांग."

संघरत्नाला सिमेंटची टाकी हवी होती. मिलिंदनं आणि तिनं ती हातांनी ओढत वर चढवली. बरण्या टाकीतल्या पाण्यात बुडवून ठेवल्या, तशी आच कमी झाली. आता शेवाळ जगलं, आणि बोलायलाही लागलं. खाऱ्या पाण्यात, भर उजेडात दोन्ही तऱ्हा फोफावल्या. गोड्या पाण्यात, उजेड असो की सावली, जोडीवाली फिकी पडून तुटायला लागली. चौपदरी सावलीत, गोड्या पाण्यात, जोडीविना वाढणारी मात्र हिरवीगार उभी राहिली.

सरांना ते पटेना. गच्चीवरचं विज्ञान म्हणून त्यांनी त्या सावलीतल्या बरण्या निकालातून वगळायला सांगितल्या. तिनं प्रयोग पुन्हा केला, पावसाळा उलटल्यावर आणखी एकदा. बरण्या काही वगळल्या नाहीत. उलट, विभागातल्या सगळ्या प्राध्यापकांसमोर काम मांडू द्या असा अर्ज तिनं सरांच्या टेबलावर ठेवला.

त्या सभेत एका प्राध्यापकांनी विचारलं, उजेड नियंत्रित करणारी पेटी नसताना हे धाडस कशाला?

"वीज गेली म्हणून खाडीतलं शेवाळ वाढायचं थांबत नाही, सर," ती म्हणाली. "मी का थांबू? पेटी तुमच्याकडे असेल तर माझं शेवाळ तिच्यात लावा. मी चुकले तर ते इथंच, सगळ्यांसमोर सांगेन."

त्या प्राध्यापकांनी खरंच लावलं. गोड्या पाण्यातल्या सावलीचा तिचा निकाल तिथंही तसाच आला. भर उजेडातल्या गोड्या पाण्याचा मात्र जुळला नाही. पेटीत जोडीवाली अजून तग धरून होती, म्हणजे नुसत्या कमी मिठानं ती मरत नव्हती. गच्चीवरच्या उन्हाच्या झळीनं आपल्याला फसवलं, हे तिनं सभेच्या त्याच खोलीत उभं राहून कबूल केलं आणि प्रबंधातलं ते प्रकरण नव्यानं लिहिलं. सरांनी अखेर त्या प्रकरणावर सही केली.

प्रबंधाच्या शीर्षकावर त्यांनी शेवटची हरकत घेतली. खारबाव, तालुका भिवंडी, हे कोणाला कळणार? 'पश्चिम किनारपट्टी' लिहावं, भारदस्त वाटतं.

"अख्ख्या किनारपट्टीवर मी गेलेच नाही," संघरत्ना म्हणाली.

काळ्या बांधणीवर सोनेरी अक्षरांत खारबावच छापलं गेलं. बकुळाबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी ते नाव कुठं आहे ते विचारून घेतलं, आणि प्रबंध बघायला आलेल्या आक्कांना तिथं बोट ठेवून दाखवलं.