सांगितलेलं वजन

वॉर्डात तिला सगळे दोनदाबाई म्हणत. घराचं कुलूप दोनदा ओढून बघणार, गॅस दोनदा बघणार, आणि औषधाचं गणित दोनदा केल्याशिवाय सिरिंजला हात लावणार नाही. लोक हसत. हसेनात का! शाळेत त्रैराशिक म्हटलं की तिची पाटी कोरीच राहायची, आणि नशीब असं की नर्स झाल्यावर तेच गळ्यात पडलं. एका किलोला इतकं औषध, तर इतक्या किलोंना किती? शाळेत चुकलं तर छडी बसायची. इथे चुकलं तर काय, हे ती मनातसुद्धा पुरतं म्हणत नसे.

त्या दुपारी झटके येणारं दीड वर्षाचं पोर आलं. सोबत आई, मागोमाग आईची सासू.

"वजन किती?" थोरल्या सिस्टरनी विचारलं.

"बारा किलो," आई चटकन म्हणाली.

किलोमागे वीस मिलिग्रॅम द्यायचं. बाटलीत एका मिलिलिटरला शंभर. वॉर्डाचा नियम असा की दोन नर्सनी एकमेकींकडे पाठ करून हिशेब करायचा. दोघींचं उत्तर आलं, दोन पूर्णांक चार दशांश मिलिलिटर. जुळलं! दोनदाबाईचा जीव भांड्यात पडला.

पहिला झटका ओसरला होता, पुढचा यायच्या आत औषध जायला हवं होतं. पोराला नीट धरायला तिने उचललं, खाली ठेवलं आणि पुन्हा उचललं. तिची स्वतःची पोरगी बारा किलोंची. तिला कडेवर घेताना रोज कंबर मोडते. हे पोर उचललेलं कंबरेला कळलंसुद्धा नाही.

"वजनकाटा आणा!"

"अगं, आत्ता वजन कसलं करतेस? दोघींचं जुळलंय ना?"

"जुळलं. पण दोघींनी बाराच धरले!"

पोर आठ किलो भरलं. ट्रेमध्ये दीडपट औषध भरून तयार होतं.

ते फेकून नवीन भरलं, एक पूर्णांक सहा दशांश. दोनदाबाईने पोराला धरलं आणि औषध थोरल्या सिस्टरनी दिलं. पोर हळूहळू निवांत झालं.

सासू बाहेर गेल्यावर आई रडायला लागली. "त्या समोर होत्या, सिस्टर. मी पोराला उपाशी ठेवते म्हणून गावभर सांगतात. आठ कसं म्हणू?"

दोनदाबाईला राग आला, पण काढावा कुणावर ते कळेना. सासूवर काढावा, असं माझं मत. पण मला विचारतंय कोण!

थोरल्या सिस्टर मात्र पांढऱ्याफटक पडल्या होत्या. "काटा आठवडाभर दुरुस्तीला होता गं," त्या हळूच म्हणाल्या. "आज सकाळीच परत आला."

म्हणजे आठवडाभर सगळ्या बाळांची वजनं विचारूनच लिहिलेली. आणि बहुतेक आयांच्या मागे कुणी ना कुणी उभं होतंच.

दोनदाबाई काटा ढकलत पहिल्या खाटेपाशी गेली. बाळ झोपलं होतं.

"औषध घेतल्यापासून झोपलंय," त्याची आई कौतुकाने म्हणाली. "एवढं गुणी कधी नव्हतं."

दोनदाबाईने हात पुढे केले. उचलायचं धाडस होईना.